पिकअप गाडीची दुरुस्ती : सुटे भाग आणि मेस्त्री यांची निवड

शेतमालाचे उत्पादन वाढविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो माल चांगल्या स्थितीत व वेळेवर बाजारात पोहोचविणे महत्त्वाचे आहे. उत्तम बियाणे, योग्य खतमात्रा आणि वेळीच दिलेले पाणी यांचे चीज अखेरीस बाजारात व्हावयाचे असते. पहाटेच्या सौद्यासाठी टोमॅटो, वांगी वा कोथिंबीर भरून निघालेली गाडी वाटेत बंद पडली, तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. आणि तीच गाडी घाट उतरताना निकामी झाली, तर जिवाशी गाठ पडते.

आज कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक शेतकरी, बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्याकडे लहान मालवाहू गाडी, म्हणजेच पिकअप, आली आहे. भाजीपाला, दूध, गूळ, खते, पशुखाद्य असा सर्व भार हीच गाडी वाहते. बियाणे घेताना पिशवीस प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी आहे की नाही, हे शेतकरी पाहतो. खताच्या पोत्यावरील शिवण तपासतो आणि पावती जपून ठेवतो. परंतु गाडीचा सुटा भाग घेताना हीच चिकित्सा तो करतोच असे नाही. गाडी बंद, माल खोळंबलेला आणि हाती पैसा थोडा, अशा घाईत जो भाग मिळेल तो आणि जो मेस्त्री भेटेल तो पत्करला जातो. ही घाई महाग पडते. ती टाळण्यासाठी काय करावे, याचे विवेचन या लेखात केले आहे.

शाहूपुरीची पेठ

कोल्हापुरातील शाहूपुरी ही पेठ शेतमालाच्या व्यापारातूनच उभी राहिली. १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि १८९५ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी ही व्यापारपेठ वसविली. गुळाचे रवे भरलेल्या बैलगाड्या खेड्यापाड्यांतून येथे येत आणि येथून गूळ रेल्वेने दूरवर जाई. पुढे गुळाचा सौदा शाहू मार्केट यार्डात गेला. रेल्वे स्थानक व मध्यवर्ती बसस्थानक यांच्या सान्निध्यामुळे शाहूपुरीच्या गल्ल्यांत यंत्रसामग्री व वाहनांचे सुटे भाग यांचा व्यापार वाढला. जवळच्या शिवाजी उद्यमनगरात शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांच्या कामातून वाढलेली ओतकामाची व लेथकामाची परंपरा आहे. सिलिंडर बोअर करणे, क्रँक घासून मापात आणणे ही कामे तेथे होतात.

म्हणजे भागही आहेत आणि जाणते हातही आहेत. मात्र जेथे माल विपुल असतो, तेथे अस्सल, दुय्यम आणि नकली असा सर्वच माल एकाच फळीवर येऊन बसतो. त्यातून नेमके निवडण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

दोष आधी, भाग मागून

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, दोषाची खात्री झाल्यावाचून भाग विकत घेऊ नये. पिकावर पिवळेपणा दिसला की लगेच युरिया टाकणे जसे योग्य नव्हे, कारण पिवळेपणा पाणी साचल्याने, लोहाच्या कमतरतेने वा मुळांच्या रोगानेही येतो, तसेच गाडीचेही आहे. लक्षण एक असते आणि कारणे अनेक असतात. चांगला मेस्त्री स्वस्त व सोप्या कारणापासून तपासणी सुरू करून महाग कारणाकडे जातो. पुढील उदाहरणे शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावीत.

१. इंजिन तापते : प्रथम कुलंटची पातळी, फुटलेले वा सैल झालेले रबरी होज आणि पंख्याचा पट्टा पाहावा. रेडिएटरच्या जाळीत चिखल, पाचटाचा चुरा व किडे अडकलेले असल्यास ते बेताच्या दाबाच्या पाण्याने धुऊन काढावेत. त्यानंतर थर्मोस्टॅट व वॉटर पंप तपासावा. हेड गॅस्केट गेली आहे, असा निष्कर्ष शेवटी काढावा. कारण हेड उतरविणे हे मोठे काम आहे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडून गंभीर भाजते.

२. गाडी सुरू होण्यास त्रास होतो : नवी बॅटरी वा नवा सेल्फ घेण्यापूर्वी बॅटरीच्या टोकांवर चढलेला पांढरा क्षार साफ करावा, अर्थिंगची तार घट्ट आहे का ते पाहावे आणि अल्टरनेटर बॅटरी भरतो की नाही ते मीटर लावून मोजावे.

३. काळा धूर येतो व ओढ कमी होते : प्रथम एअर फिल्टर पाहावा. कच्च्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतरापूर्वीच तुंबतो. डिझेल फिल्टरमध्ये साठलेले पाणी काढावे. इंजेक्टरकडे त्यानंतर वळावे.

४. गाडी एका बाजूस ओढते : स्टिअरिंगचे भाग बदलण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा मोजावी, नंतर ब्रेक एका चाकास धरून राहतो का ते पाहावे.

या तपासण्यांना पैसा थोडा लागतो. परंतु त्या न करता चांगला भाग काढून नवा भाग बसविला, तर भागाचे पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

सुट्या भागांचे प्रकार

बाजारात मिळणारे सुटे भाग स्थूलमानाने पाच प्रकारचे असतात.

पहिला प्रकार वाहन बनविणाऱ्या कंपनीच्या खोक्यातून येणाऱ्या भागांचा. दुसरा प्रकार त्या कंपनीस भाग पुरविणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाच्या खोक्यातून विकलेल्या भागांचा. वाहन-कंपन्या सर्व भाग स्वतः बनवीत नाहीत. बेअरिंग, फिल्टर, क्लच, ब्रेक, इंजेक्टर इत्यादी भाग त्या त्या धंद्यातील कारखाने त्यांना पुरवितात. अशा मूळ पुरवठादाराचा भाग आपल्या गाडीच्या नेमक्या क्रमांकाशी जुळत असेल, तर तो घेण्यास हरकत नाही. किंमतही बहुधा कमी पडते. तिसरा प्रकार इतर नामांकित कारखान्यांनी बनविलेल्या भागांचा. यांचा दर्जा कारखान्यागणिक बदलतो.

चौथा प्रकार मोडीतील गाड्यांतून काढलेल्या जुन्या भागांचा. पाचवा प्रकार नकली भागांचा, म्हणजे नामांकित कंपनीचे नाव चोरून विकलेल्या भागांचा. तिसऱ्या आणि पाचव्या प्रकारांत लोक नेहमी गल्लत करतात. स्वतःच्या नावाने स्वस्त भाग विकणारा कारखानदार आपली जबाबदारी उघडपणे पत्करतो. दुसऱ्याचे नाव चोरणारा कोणतीच जबाबदारी पत्करीत नाही. म्हणून स्वस्त भाग आणि खोटा भाग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे नीट समजून घ्यावे.

काटकसर कोठे करावी

सर्वच भाग कंपनीचे घ्यावेत, असा आग्रह शेतकऱ्यास परवडणारा नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. आसनाचे आवरण, चिखलरोधक, आरसा, हौद्याच्या फळ्या व कड्या, दरवाजाची मूठ या भागांत काटकसर अवश्य करावी. मडगार्ड वा दरवाजा यांसारखा जुना भाग सुस्थितीत मिळाल्यास तोही चालेल.

याउलट ज्या भागावर जीव अवलंबून आहे, त्यात काटकसर करू नये. ब्रेकचे पॅड व लायनर, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, ब्रेकचे होज, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग व बोल्ट हे भाग पहिल्या वा दुसऱ्या प्रकारचेच असावेत आणि नवेच असावेत. गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे किंवा आंबा घाटाने रत्नागिरीकडे माल नेणाऱ्यांनी हा नियम विशेष कटाक्षाने पाळावा.

ब्रेक ऑइलविषयी येथे थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. पिकअप गाड्यांत वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. कोरडे असताना डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस व डॉट ४ चा किमान २३० अंश असतो. ओलावा शोषल्यानंतर तो अनुक्रमे १४० व १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास चाकाजवळील उष्णता वाढते, ऑइलमधील पाणी उकळते आणि नळीत वाफ धरते. वाफ दाबली जात असल्याने पेडल खालपर्यंत जाते, पण ब्रेक लागत नाही. यास्तव वाहनपुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, आणि ती ठाऊक नसल्यास दर दोन वर्षांनी, ब्रेक ऑइल बदलावे. सील तुटलेल्या डब्यातील ऑइल वापरू नये आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरावे.

इंजिन व क्लच यांच्या आतील भागांचा प्रश्न जिवाचा नसला तरी हिशोबाचा आहे. समजा, चांगल्या प्रतीचा क्लच संच ७,५०० रुपयांस मिळतो व हलका संच ४,००० रुपयांस मिळतो. मजुरी दोन्ही वेळा २,५०० रुपये पडते. चांगला संच ८०,००० किलोमीटर व हलका ४०,००० किलोमीटर टिकला, तर दर हजार किलोमीटरला पहिल्याचा खर्च १२५ रुपये आणि दुसऱ्याचा १६२ रुपये ५० पैसे येतो. गाडी आणखी एकदा उघडावी लागते आणि तितके दिवस ती उभी राहते, हे नुकसान वेगळेच. हे आकडे केवळ हिशोबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीच्या नोंदीवरून आपला हिशोब करावा. जो भाग बसविण्यास मजुरी अधिक, तो भाग हलका घेऊ नये, हे यातील तात्पर्य होय.

खोके, क्रमांक आणि पावती

दुकानात जाताना तीन गोष्टी बरोबर न्याव्यात : नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, काढलेला जुना भाग आणि मेस्त्रीने कागदावर लिहून दिलेले भागाचे नाव व क्रमांक. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात. म्हणून केवळ गाडीचे नाव सांगून भागू नये. प्रमाणपत्रावरील सतरा अक्षरांकांचा चॅसिस क्रमांक व उत्पादनाचा महिना-वर्ष सांगितल्यास नेमका भाग शोधता येतो.

वेष्टनबंद मालाच्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादक, वेष्टक वा आयातदार यांचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, नग, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक-तक्रारीसाठी संपर्क दिलेला असला पाहिजे. यांपैकी काही नसेल, छपाई पुसट असेल, अक्षरांत चूक असेल, खोक्यावरील व भागावरील क्रमांक जुळत नसतील, तर तो भाग परत करावा. अनेक कंपन्या आता खोक्यावर खरवडून पाहण्याचा क्रमांक वा भ्रमणध्वनीने तपासावयाची चौकोनी खूण छापतात. ती दुकानातच तपासून घ्यावी. जुना व नवा भाग शेजारी ठेवून वजन, जाडी, दाते व छिद्रे यांची तुलना करावी.

टायर घेताना त्यावर आय.एस.आय. चिन्ह आहे का ते पाहावे. टायरच्या बाजूवर चार अंकांची तारीख असते. २३२४ असे अंक असल्यास तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला, असे समजावे. मालवाहू गाडीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाल्यास तो टायर बदलावाच लागतो.

पावतीचा आग्रह सोडू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. बिनपावतीच्या व्यवहारात तो वाचतो, असे सांगितले जाते. परंतु पावती नसेल तर भाग कोणाकडून घेतला, केव्हा घेतला आणि त्याची हमी किती, यांपैकी काहीच सिद्ध करता येत नाही. पावतीवर भागाचा क्रमांक, उत्पादकाचे नाव व हमीची मुदत लिहून घ्यावी.

आणखी एक दक्षता सर्वांच्याच हिताची आहे. इंजिन ऑइलचा रिकामा डबा व अस्सल भागाचे रिकामे खोके जसेच्या तसे टाकून देऊ नये. नकली माल भरणाऱ्यांना हीच रिकामी वेष्टने लागतात. डब्यास भोक पाडावे आणि खोके फाडून टाकावे.

मेस्त्री कसा निवडावा

भाग अस्सल असला तरी तो चुकीच्या रीतीने बसविल्यास वाया जातो. म्हणून मेस्त्रीची निवड भागाइतकीच महत्त्वाची आहे. ती गाडी बंद पडल्यावर नव्हे, तर गाडी चालू असतानाच करावी. ऑइल-फिल्टर बदलण्यासारखे लहान काम देऊन त्याची रीत पाहावी. पुढील गोष्टी ज्याच्याकडे आढळतील, तो मेस्त्री विश्वासास पात्र समजावा.

१. तो प्रथम प्रश्न विचारतो : आवाज केव्हा येतो, भार असताना की रिकामी असताना, थंड इंजिनात की गरम इंजिनात, आणि गाडी स्वतः चालवून पाहतो.

२. भाग बदलण्यापूर्वी दोष दाखवितो. सिलिंडर वा क्रँकचे काम असेल तर मायक्रोमीटरने घेतलेली मापे लिहून देतो.

३. खर्चाचा अंदाज भाग व मजुरी वेगवेगळी दाखवून लेखी देतो आणि उघडल्यावर अधिक काम निघाल्यास विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

४. जुने भाग स्वतःहून परत देतो.

५. चाकाचे व हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापात आवळतो. उघडलेले इंजिन झाकून ठेवतो. जमीन व हत्यारे स्वच्छ ठेवतो.

६. न येणारे काम येत नाही असे सांगतो आणि योग्य ठिकाणी पाठवितो.

काही ठिकाणी दुकानदाराकडून मेस्त्रीस टक्केवारी मिळते, हे उघड गुपित आहे. यावर भांडत बसण्यापेक्षा व्यवहार आधीच स्पष्ट करावा. भाग मालकाने आणावयाचा असेल तर मेस्त्रीने क्रमांक लिहून द्यावा, बसविण्यापूर्वी भाग पाहून पसंत करावा आणि कामाची हमी द्यावी. भाग मेस्त्रीने आणावयाचा असेल तर पावती गाडीमालकाच्या नावे असावी. दोन्ही रीती चालतात. न ठरविता केलेला व्यवहार मात्र वादास कारण होतो.

उधारीचाही येथे विचार केला पाहिजे. उसाचे बिल आल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर काम करून घेतले की, भाग कोणता बसवावा हे विचारण्याचा धीर राहत नाही आणि किंमतही वाढीव लागते. यासाठी गाडीच्या प्रत्येक फेरीच्या उत्पन्नातून ठराविक रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी. रोख पैसा देणाऱ्यास निवड करता येते.

मेस्त्रीच्या सांगण्यावरून एक गोष्ट मात्र करू नये. भार वाढविण्यासाठी पाट्यांत जादा पाटा घालण्याची प्रथा पुष्कळ दिसते. जादा पाट्याने गाडी दबत नाही, पण ब्रेक, धुरा, बेअरिंग व टायर यांची ताकद वाढत नाही आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील भारमर्यादाही बदलत नाही. पाटे वारंवार तुटत असतील तर त्याचे कारण पाट्यात नसून भारात आहे.

नव्या गाड्यांविषयी

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. या गाड्यांत धूर गाळणारे यंत्र, अनेक संवेदक व नियंत्रक संगणक असतात. त्यांचे दोष कानाने ओळखता येत नाहीत. स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक वाचावा लागतो. ज्याच्याकडे योग्य स्कॅनर नाही, त्याच्याकडे अशी गाडी उघडू देऊ नये. संकेतांक पुसून दिवा विझविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. धूर गाळणारे यंत्र असलेल्या इंजिनात वाहनपुस्तिकेत सांगितलेले, कमी राख सोडणारे ऑइलच घालावे. अन्य ऑइलाची राख त्या यंत्रात साठून ते तुंबते. हे यंत्र काढून टाकण्याचा सल्ला मानू नये. तसे करणे बेकायदेशीर आहे. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर बाहेर काम करून घेण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यात, शाहूपुरीच्या सखल भागांतही, पाणी शिरले. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीस किल्ली लावून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी गेले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडक्या खर्चाचे काम मोठ्या खर्चाचे होते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, छायाचित्रे काढावीत, विमा कंपनीस कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. इंजिन, गिअर बॉक्स, डिफरन्शियल व ब्रेक यांतील ऑइल, सर्व फिल्टर आणि चाकाचे ग्रीस बदलल्यावाचून गाडी चालवू नये. अपघात असो वा पूर, विम्याच्या सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये.

मोडीतून आलेले जुने सेल्फ, अल्टरनेटर व नियंत्रक संगणक घेताना ते पुरात सापडलेल्या गाडीचे नाहीत ना, याची चौकशी करावी. वायरीच्या जोडात हिरवट गंज वा गाळाचा थर आढळल्यास तो भाग घेऊ नये.

कायद्याचा आधार

दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने लावणे वा तसा माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये गुन्हा असून त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड यांची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू व सदोष सेवा या दोहोंबद्दल दाद मागता येते. व्यापारी प्रयोजनासाठी केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी वापरणारी व्यक्ती ग्राहकच समजली जाते. प्रथम दुकानदारास वा गॅरेजला लेखी कळवावे. तोडगा न निघाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारांच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही. या सर्वांस आधार एकच, तो म्हणजे पावती.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

गावातील कार्यकर्त्यांनी या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्येक पिकअपसाठी एक साधी नोंदवही ठेवण्यास मालकास प्रवृत्त करावे. तीत तारीख, किलोमीटर, दोषाचे लक्षण, सापडलेले कारण, भागाचा क्रमांक, दुकान, मेस्त्री, भागाची किंमत व मजुरी एवढे रकाने पुरेत. वर्षभरात कोणता भाग किती टिकला आणि कोणाचे काम टिकाऊ ठरले, हे या वहीवरून आपोआप दिसून येईल. गावात पाच-सहा गाड्या असल्यास सर्वांच्या नोंदवह्या एकत्र वाचाव्यात. फिल्टर व ऑइल एकत्रित खरेदी करावे. गाडीचे योग्यता प्रमाणपत्र पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. त्या तारखेच्या आधी महिनाभर ब्रेक, स्टिअरिंग, दिवे व टायर यांची तपासणी गावातच करून घ्यावी. सुगीपूर्वी जशी अवजारे दुरुस्त करून ठेवतात, तशीच गाडीही पावसाळ्यापूर्वी व ऊस-हंगामापूर्वी पाहून घ्यावी.

सारांश, आधी दोषाची खात्री, मग भागाची ओळख आणि शेवटी लेखी पावती, हा क्रम कधीही मोडू नये. शाहूपुरीच्या पेठेत चांगला भाग मिळतो आणि चांगला मेस्त्रीही भेटतो. मात्र तो ओळखण्याची दृष्टी घेणाऱ्याकडे असावी लागते. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठी वाचण्याची सवय शेतकऱ्याने ज्याप्रमाणे अंगी बाणविली, त्याचप्रमाणे सुट्या भागाच्या खोक्यावरील मजकूर वाचण्याची सवयही त्याने लावून घ्यावी. त्यायोगे गाडी उभी राहण्याचे दिवस कमी होतील, कष्टाचा पैसा घरात राहील आणि माल घेऊन घाट उतरणारा माणूस सुखरूप घरी परतेल.